मायनस १, मायनस ७, मायनस २४: तीन वर्षं वापरलेल्या स्लीपिंग बॅगचा रिव्ह्यू

ही बॅग हातात आली तेव्हा सगळ्यात आधी मी आतल्या शिवणीवरचं ते छोटंसं पांढरं लेबल वाचलं. त्यावर तापमानाचे तीन आकडे, कम्फर्ट मायनस १, लिमिट मायनस ७, एक्स्ट्रीम मायनस २४. त्याला आता तीन वर्षं झाली, साधारण ५० रात्री मी हिच्यात काढल्यात, काही मस्त, काही वाईट, एक खूपच वाईट. रिव्ह्यू लिहीन लिहीन म्हणत राहूनच गेलेला, पण मागच्या आठवड्यात ताईने परत तोच प्रश्न विचारला, की घरी एवढी छान गादी असताना तू दगडधोंड्यात कुडकुडत झोपायला का जातेस गं, कोण पाठी लागलंय का तुझ्या? आणि मग लक्षात आलं की ह्या प्रश्नाचं उत्तर आणि ह्या बॅगेचा रिव्ह्यू मला वेगवेगळा लिहिताच येणार नाही. त्यामुळे हे लांबणार आहे. ज्यांना फक्त स्पेक्स हवेत त्यांनी पुढचा पॅरा वाचून थांबलं तरी चालेल.

वजन १०५० ग्रॅम, त्यात ५५० ग्रॅम डाऊन, म्हणजे बदकाच्या छातीवरची ती एकदम मऊ, दांडी नसलेली पिसं. फिल पॉवर, म्हणजे पिसं किती फुगतात त्याचा आकडा, ७००. ममी शेप, म्हणजे खांद्याला रुंद आणि पायाकडे निमुळती, हुड आहे, गळ्याशी वारा अडवणारी ड्राफ्ट कॉलर आहे आणि झिपच्या आतून पूर्ण लांबीची पिसं भरलेली पट्टी आहे, त्यामुळे झिपमधून वारा आत येत नाही. कापड २० डेनियरचं (हा धाग्याच्या जाडीचा आकडा), पातळ, काट्यात अडकलं तर फाटेल. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण जवळपास ह्याच स्पेक्सच्या बॅगा बऱ्याच जणांकडे मिळतात आणि मी जे लिहिणारे ते सगळ्यांनाच लागू आहे. माझा निकाल आधीच सांगते, बॅग चांगली आहे, परत घ्यायची वेळ आली तर हीच घेईन, पण झिपबद्दल तक्रार आहे ती खाली येईल.

आता ते तीन आकडे. हे आधी समजून घ्या, बाकी काही नाही वाचलं तरी चालेल, कारण ह्यात मी एकदा भयानक फसलेय. हिच्या आधीच्या माझ्या बॅगेवर मोठ्ठ्या अक्षरात मायनस १० लिहिलेलं होतं, मी म्हटलं वा, मायनस १० म्हणजे भरपूर झालं, आणि ती घेऊन मी ४००० मीटरवर गेले जिथे रात्री मायनस ४ होतं. त्या रात्री मला एक मिनिट झोप लागली नाही, सगळे कपडे अंगात, सॅकमध्ये पाय घातलेले, दात वाजतायत, दर दहा मिनिटांनी घड्याळ बघतेय आणि घड्याळ पुढे सरकत नाहीये. खाली आल्यावर कळलं की तो मायनस १० हा एक्स्ट्रीमचा आकडा होता. कम्फर्टचा आकडा आत कुठेतरी बारीक अक्षरात होता, प्लस ५. चूक माझीही होती, नीट वाचायला हवं होतं, पण असा आकडा पुढे मोठा करून छापणं मला आजही अजिबात पटत नाही, कारण हा टी शर्टचा साईज नाहीये, ह्याच्या भरवशावर माणसं डोंगरात जातात.

तर हे आकडे येतात कुठून, तर आधी युरोपचं ईएन १३५३७ नावाचं स्टँडर्ड होतं, आता आयएसओ २३५३७ आहे. लॅबमध्ये एक गरम केलेला पुतळा बॅगेत झोपवतात, त्याच्या अंगावर सेन्सर असतात, आणि उष्णता किती वेगाने बाहेर जाते ते मोजतात. त्यावरून तीन तापमानं काढतात. कम्फर्ट म्हणजे एक सर्वसाधारण बाई आरामात, अंग सैल सोडून, थंडी न वाजता झोपू शकेल ते तापमान. लिमिट म्हणजे एक सर्वसाधारण पुरुष अंग आखडून, मुटकुळं करून, थंडीशी झगडत पण तरी शरीराचं गणित सांभाळून रात्र काढेल ते. आणि एक्स्ट्रीम म्हणजे झोप वगैरे विसरा, इथे हायपोथर्मियाचा, म्हणजे अंगच जिवावर बेतेल इतकं गार पडण्याचा धोका आहे, तुम्ही फक्त काही तास जिवंत राहू शकता. म्हणून बायकांनी कम्फर्टचाच आकडा बघायचा. पुरुषांनी लिमिट बघितलं तर चालतं म्हणतात, पण माझ्या मते त्यांनीही कम्फर्टच बघावा, डोंगरात कोणाला काही सिद्ध करून दाखवायचं नसतं.

पण मला ह्या लेबलची गंमत वाटत राहिली ती वेगळ्याच कारणाने. एका बाजूला कम्फर्ट, दुसऱ्या टोकाला एक्स्ट्रीम, आणि मध्ये लिमिट नावाचा एक पट्टा, जिथे तुम्हाला थंडी वाजते पण तुम्ही मरत नाही, जिथे काय होईल ते बरंचसं तुम्ही काय करता ह्यावर ठरतं. ताई ज्याला कुडकुडणं म्हणते ते सगळं ह्या पट्ट्यात घडतं. आणि मला वाटतं जी माणसं घरातली गादी सोडून बाहेर जातात, डोंगरात नाहीतर समुद्रात नाहीतर सायकलवर, ती एक्स्ट्रीमकडे निघालेली नसतात. लांबून बघणाऱ्याला तसं वाटतं खरं, की ह्यांना जिवाची पर्वा नाही. पण मी ज्यांच्याबरोबर फिरलेय त्यातली सगळ्यात अनुभवी माणसं सगळ्यात जास्त काळजी घेणारी होती, ढग बदलले की परत फिरणारी, दोरीची गाठ तीनदा बघणारी. त्यांना हवा असतो तो मधला पट्टा.

का हवा असतो, ते मला ह्या बॅगेनेच शिकवलं, आणि तेही चूक करून. पहिल्यांदा हिच्यात शिरले तेव्हा मी आधीच गारठलेली होते, संध्याकाळभर बाहेर चांदण्या बघत उभी होते, वाटलं आता बॅगेत शिरलं की गरम होईल. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, काही नाही. आत बाहेर सारखंच. तेव्हा आमच्यातला एक जुना माणूस टेंटच्या बाहेरून म्हणाला, अगं बॅग गरम करत नाही, बॅग फक्त तुझी ऊब धरून ठेवते, तुझ्यातच नसेल तर ती काय धरणार, ऊठ आणि २० उठाबशा काढ. उठले, काढल्या, काहीतरी खाल्लं, परत शिरले, आणि पाचच मिनिटांत पायाच्या बोटांपर्यंत ऊब पोचली. ती रात्र मी कधीच विसरणार नाही. कारण घरात ऊब कुठून येते हे मला आयुष्यात कधी विचारावंच लागलं नव्हतं, बटण दाबलं की येते, पांघरूण ओढलं की येते. इथे मला अगदी स्पष्ट कळत होतं की ही जी ऊब आहे ती मी खाल्लेल्या घासांची आणि मी काढलेल्या उठाबशांची आहे. केलं की मिळतं, नाही केलं की नाही मिळत, मध्ये कोणी नाही. ऑफिसात मी वर्षभर काम करते आणि त्याचं पुढे काय झालं ते मला कधी धड कळत नाही, आणि इथे अर्ध्या तासात उत्तर.

हेच मला ताईला सांगायचं होतं पण तोंडी सांगताना नुसतं "मजा येते गं" एवढंच निघतं.

माणसं असं काही का शोधत जातात ह्यावर संशोधनही बरंच झालंय. मार्विन झुकरमन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, ते सुरुवातीला माणसाला अंधाऱ्या शांत खोलीत काही न करता ठेवलं तर काय होतं ह्यावर काम करत होते, आणि त्यांना दिसलं की काही जण निवांत पडून राहतात तर काही जण थोड्याच वेळात बेचैन होतात. त्या फरकातून त्यांनी १९६४ मध्ये सेन्सेशन सीकिंगचं, म्हणजे नव्या, तीव्र अनुभवांच्या ओढीचं मोजमाप तयार केलं, आणि पुढे त्याचे चार भाग केले, त्यात साहसाची ओढ हा एक भाग आणि कंटाळा सहन न होणं हा वेगळा भाग. मला हे वेगळं करणं फार आवडलं. कारण सगळ्यांना वाटतं की साहस करणारा म्हणजे धोक्याचा भुकेला, पण कित्येकांचा प्रश्न धोका नसतोच, रिकामेपण असतो. २०१४ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या टिमोथी विल्सन आणि त्यांच्या टीमचा एक प्रयोग छापून आला, लोकांना १५ मिनिटं खोलीत नुसतं बसवलं, फोन नाही, पुस्तक नाही, फक्त स्वतःचे विचार, आणि हाताशी एक बटण, जे दाबलं की विजेचा झटका बसतो. हा झटका त्या लोकांनी आधी खाऊन बघितलेला होता आणि परत बसू नये म्हणून आम्ही पैसे देऊ असंही सांगितलेलं होतं. तरीही १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी स्वतःहून बटण दाबलं. कुठलीही अडचण नसलेली खोली, बसायला खुर्ची, आणि माणूस स्वतःला शॉक देतोय. हे वाचलं तेव्हा मी फार वेळ शांत बसले होते. पाठ टेकायला जागा असली म्हणजे माणूस समाधानी असतो असं आपण धरून चालतो, पण नुसत्या आरामात काहीतरी घडण्याची भूक राहूनच जाते, आणि ती प्रत्येकाची कमी जास्त असते. ताईची ती भूक शाळेतल्या ४० पोरांना सांभाळून भागते, रोज तिथे काही ना काही घडतच असतं. माझी नाही भागत.

आता त्या वाईट रात्रीबद्दल, कारण रिव्ह्यूमध्ये ते यायलाच हवं. दुसऱ्या वर्षी, मायनस ६, म्हणजे लेबलप्रमाणे जवळजवळ लिमिटवर. रात्री दोनच्या सुमाराला मी बाहेर जायला उठले आणि झिप अडकली. आतली ती पातळ पट्टी झिपच्या दातात गेली आणि बसली. हेडटॉर्च तोंडात धरून, उघड्या बोटांनी, मी तिथे बहुतेक २० मिनिटं झटत होते, ओढलं तर कापड फाटेल आणि सगळी पिसं बाहेर येतील ही भीती, नाही ओढलं तर अर्धी बॅग उघडी. बोटं बधिर झाली की काखेत धरायची, जरा जाणीव आली की परत. शेवटी मिलिमीटर मिलिमीटर करत कापड सुटलं. मग बाहेर जाऊन आले, परत शिरले, हुडची दोरी ओढून फक्त नाक बाहेर ठेवलं (तोंड आत घेऊन श्वास सोडायचा मोह होतो पण तसं करू नका, श्वासातली वाफ पिसांत जाते आणि पिसं ओली झाली की चपटी होतात, मग ऊब धरायला जागाच उरत नाही) आणि झोपायचा प्रयत्न केला. झोप तुकड्यातुकड्यांत लागली. पहाटे कधीतरी टेंटचं कापड करड्याचं गुलाबी झालं, आतल्या बाजूला साचलेलं दव गोठून त्याचे कण झाले होते आणि ते उजेड पडल्यावर हळूहळू चमकायला लागले. मी पडल्या पडल्या ते बघत होते आणि मला एकदम भरून आलं. थंडी तशीच होती, काहीही सुटलं नव्हतं, पण रात्र संपली होती आणि ती मी संपवली होती.

गंमत म्हणजे आज मला त्या रात्रीतलं सगळ्यात जास्त काय आठवतं, तर तो गुलाबी उजेड. ह्यालाही कारण आहे. १९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना एकदा १४ अंशाच्या थंड पाण्यात ६० सेकंद हात धरायला लावला, आणि एकदा तेच ६० सेकंद अधिक आणखी ३० सेकंद, फक्त ह्या ३० सेकंदांत पाणी हळूच १५ अंशावर नेलं. म्हणजे दुसऱ्यात त्रास सरळसरळ जास्त. पण परत कुठलं कराल विचारलं तर बहुतेकांनी दुसरं निवडलं. आठवण किती वेळ सोसलं हे मोजत नाही, सगळ्यात तीव्र क्षण कुठला आणि शेवट कसा झाला हे धरून ठेवते. डोंगरातल्या थंड रात्रीचा शेवट जवळजवळ नेहमी उजेडात होतो, उन्हाचा पहिला पट्टा अंगावर येतो, हात उघडतात. म्हणून आम्ही परत जातो. ट्रेकवाले ह्याला टाईप टू फन म्हणतात, करताना हाल, नंतर आनंद. तरी मला फक्त हे उत्तर पुरेसं वाटत नाही, कारण मग दाताच्या डॉक्टरकडे जायचीही ओढ लागायला हवी होती, तिथेही शेवटी सुटका होते. फरक हा की तिथे माझ्या हातात काही नसतं, मी फक्त पडून असते.

स्लीपिंग बॅग आणि हाल हे दोन शब्द एकत्र आले की मला १९११ मधले तिघे आठवतात. रॉबर्ट स्कॉट ह्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याच्या अंटार्क्टिक मोहिमेतले एडवर्ड विल्सन, बॉवर्स आणि चेरी गॅरार्ड. जूनच्या शेवटी, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यात, पूर्ण अंधारात, हे तिघे एम्परर पेंग्विनची अंडी आणायला निघाले, पाच आठवडे लागले, तापमान मायनस ६० च्याही खाली गेलं. त्यांच्या बॅगा रेनडिअरच्या कातड्याच्या. घाम आणि श्वासातली वाफ कातड्यात जायची आणि गोठायची, बॅगा पत्र्यासारख्या कडक व्हायच्या, रोज रात्री आत शिरायचं म्हणजे आपल्या शरीराने तो बर्फ इंच इंच वितळवत खाली सरकायचं. परत येईपर्यंत त्या बॅगांचं वजन साचलेल्या बर्फाने दुपटीच्या वर गेलं होतं. एका वादळात त्यांचा टेंटच उडून गेला, आणि नशिबाने खाली उतारावर सापडला. आणलं काय, तर तीन अंडी. ज्या सिद्धांतासाठी आणली त्याच्यासाठी त्यांचा पुढे काही उपयोगही झाला नाही. आणि ह्यातला चेरी गॅरार्ड हा चांगला श्रीमंत घरचा पंचविशीतला मुलगा, मोठी इस्टेट, आयुष्यभर हात हलवायची गरज नाही, नजर इतकी अधू की चष्म्याशिवाय नीट दिसायचं नाही आणि त्या थंडीत चष्मा लावता येत नव्हता. त्याने उलट मोहिमेला १००० पौंड दिले होते. म्हणजे आराम नव्हता म्हणून गेला असं म्हणायला जागाच नाही. विल्सन आणि बॉवर्स तर परत आल्यावर काही महिन्यांतच स्कॉटबरोबर दक्षिण ध्रुवाकडे निघाले आणि १९१२ मध्ये परतीच्या वाटेवर वारले. हे वाचताना मला त्यांचा अभिमानही वाटतो आणि रागही येतो, मागे राहिलेल्या घरच्यांचा विचार येतो, आणि दोन्ही भावना मला खोट्या वाटत नाहीत. त्या तिघांनी लिमिटचा पट्टा कधीच ओलांडला होता. माझी बॅग त्यांच्या बॅगेच्या काही पट हलकी आहे, आणि मी त्या ठिकाणी एक रात्रही टिकले नसते.

ताईला मी ही गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, बघ, पुरुषांना घर सोडून जाता येतं. बरोबर आहे तिचं, पूर्ण नाही पण बरंचसं. म्हणून मला जपानच्या जुन्को ताबेईंची गोष्ट जास्त जवळची वाटते. १६ मे १९७५ ला एव्हरेस्टवर पोचलेली पहिली बाई. घरी तेव्हा लहान मुलगी. निधी मागायला गेल्या तर बायकांनी घरी मुलं सांभाळावीत असं तोंडावर ऐकवलं गेलं. पैसे कमी म्हणून त्या आणि त्यांच्या टीममधल्या बायकांनी कितीतरी सामान घरीच शिवलं, गाडीच्या सीटच्या कव्हरमधून वॉटरप्रूफ पिशव्या आणि हातमोज्यांवरून घालायचे जाड मोजे, आणि चीनमधून हंसाची पिसं मागवून स्लीपिंग बॅगासुद्धा स्वतः शिवल्या. मी माझ्या बॅगेची एक छोटी शिवण उसवलेली घरी दुरुस्त करायला बसले होते, सुईच्या प्रत्येक भोकातून पिसं बाहेर येतात, तासाभरात खोलीभर पिसं, तेव्हा मला कळलं की अख्खी बॅग शिवणं म्हणजे काय काम असेल. मोहिमेत मे महिन्याच्या सुरुवातीला त्यांच्या कॅम्पवर हिमकडा कोसळला, त्या झोपेतच बर्फाखाली गाडल्या गेल्या, बेशुद्ध झाल्या, शेर्पांनी ओढून बाहेर काढलं. १२ दिवसांनी आंग त्सेरिंग शेर्पांबरोबर त्या शिखरावर होत्या. ह्या बाईला आराम नको होता असं मला वाटत नाही. आपण काय करू शकतो हे दुसऱ्याने ठरवलेलं त्यांना नको होतं.

आणि शेर्पांचं नाव आलंच आहे तर एक गोष्ट लिहितेच, कारण ह्या विषयावर बोलताना ती नेहमी राहून जाते. आमच्यासाठी जे साहस आहे ते आमचं सामान वाहणाऱ्या माणसासाठी कामाचा दिवस असतो. तीच थंडी, तीच वाट, पण त्याने ती निवडलेली नसते, किमान माझ्यासारखी नाही. माझ्या त्या मायनस ६ च्या रात्री शेजारच्या टेंटमध्ये झोपलेल्या पोर्टरची बॅग माझ्यापेक्षा पातळ होती, हे मला सकाळी कळलं आणि मला खूप लाज वाटली. तेव्हापासून ग्रुपबरोबर जायचं ठरलं की मी पहिला प्रश्न हा विचारते की बरोबरच्या स्टाफला कुठल्या बॅगा देता, त्यांचा कम्फर्ट किती. उत्तर टाळलं तर मी जात नाही. तुम्हीही विचारा. सुखाचा आराम सोडून हाल निवडता येणं ही सुद्धा एक सोय आहे, परतीला गादी आहे म्हणून जमतं. त्यामुळे घरी राहणाऱ्यांना कम्फर्ट झोनच्या बाहेर पडा वगैरे उपदेश करणं मला आवडत नाही. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, ज्याचं महिनाअखेरचं गणित जुळत नाहीये, तो रोजच लिमिटवर झोपतोय, त्याला वेगळं साहस कशाला लागतंय.

बरं, आता वापराबद्दल थोडं, जे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. बॅग कितीही चांगली असली तरी खालची मॅट पातळ असेल तर काही उपयोग नाही, कारण अंगाखाली पिसं दबली जातात आणि जमीन ऊब ओढून घेते. मॅटवर आर व्हॅल्यू, म्हणजे ती ऊब किती अडवून धरते त्याचा आकडा, लिहिलेली असते, जितकी जास्त तितकी चांगली, बर्फावर झोपायचं असेल तर ४ च्या वर बघा. झोपायच्या आधी कोरडे मोजे. गरम पाण्याची बाटली घट्ट बंद करून पायाशी. लघवीला लागली तर आळस न करता उठून जाऊन या, रात्रभर धरून ठेवलं तर झोपही नाही आणि चैनही नाही. रात्रीच्या आधी काहीतरी तुपकट, तेलकट पोटात गेलं पाहिजे. बॅग घरी आणली की कॉम्प्रेशन सॅकमध्ये कोंबून ठेवू नका, मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा नाहीतर पिसं कायमची बसतात. तीन वर्षांत मी एकदाच धुतली, डाऊनसाठीचा वेगळा साबण मिळतो त्याने, आणि ड्रायरमध्ये कमी उष्णतेवर, बरोबर दोन तीन टेनिस बॉल टाकून, म्हणजे गठ्ठे सुटतात. पूर्ण वाळायला चार तासांच्या वर लागले, मध्येच वाळली असं वाटतं पण वाळलेली नसते, हात घालून गोळे लागतायत का बघा. धुतल्यावर परत पहिल्यासारखी फुगली. पिसं कुठून आली ह्याची चिंता असेल तर आरडीएसचं (पक्ष्यांचे हाल न करता पिसं घेतल्याचं प्रमाणपत्र) लेबल बघून घ्या, माझ्या बॅगेवर आहे, नसतं तर मी घेतली नसती.

पावसाळी, दमट ठिकाणी जाणार असाल तर मात्र डाऊन घेऊ नका, सरळ सिंथेटिक घ्या, जड असेल पण ओली झाली तरी थोडीफार ऊब धरते. ही बॅग कोरड्या थंडीसाठी आहे.

आकड्यांचा माझा अनुभव असा, प्लस ३ ला मस्त, आतल्या कपड्यांवर झोप, झिप अर्धी उघडी. मायनस १ ला लेबल म्हणतं तसंच, थंडी नाही, फक्त नाक गार. मायनस ४ पर्यंत जाड मोजे, टोपी आणि बॅगेच्या आत एक लाईनर, म्हणजे पातळ कापडाची खोळ, घातला तर झोप लागते. मायनस ६ चं वर सांगितलंच. त्याच्या खाली मी ही नेणार नाही. आणि मायनस २४ चा आकडा असा समजा की तो छापलेलाच नाहीये. १९५३ मध्ये ऑस्ट्रियाचा गिर्यारोहक हर्मान बूल नंगा पर्बतच्या शिखरावर एकटा पहिल्यांदा पोचला आणि उतरताना अंधार पडला म्हणून ८००० मीटरच्या आसपास एका छोट्या कपारीवर उभ्याने रात्र काढली, बॅग नाही, टेंट नाही. वाचला, कारण त्या रात्री वारा पडलेला होता. पायाची काही बोटं गेली. त्या रात्रीची गोष्ट सांगताना लोक हिंमत सांगतात आणि वारा सांगायला विसरतात, आणि नवीन पोरं ते ऐकून पातळ बॅगा घेऊन निघतात. प्लीज असं करू नका. तुमच्या हातात काही उरलंच नाही तर मग तो मधला पट्टा राहत नाही, मग फक्त नशीब राहतं, आणि नशिबावर सोडायला मी तरी घर सोडून जात नाही.

झिपबद्दल. त्या रात्रीनंतर मी कंपनीला मेल केला, फोटो पाठवले, दोन महिन्यांनी उत्तर आलं की असं होऊ शकतं, हळू ओढा. एवढंच. हे मला अजिबात आवडलं नाही. नव्या बॅगांमध्ये झिपच्या कडेने एक कडक पट्टी शिवलेली असते त्यामुळे कापड अडकत नाही, घेताना दुकानातच दहा वेळा झिप वरखाली करून बघा, डोळे मिटून, एका हाताने, कारण तिथे तुम्ही तशीच करणार आहात. मी माझ्या बॅगेला घरी सुती नाडीची पट्टी शिवलीये, त्यानंतर एकदाही अडकली नाही. झिपच्या टोकाला हातमोजे घालूनही पकडता येईल अशी जाड दोरीची गाठ बांधलीये. ह्या दोन गोष्टी कंपनीने करायला हव्या होत्या म्हणून एक स्टार कापतेय, पाचपैकी चार.

पुढच्या महिन्यात बॅग माझ्याकडे नसेल. ताईने काल फोन केला, तिच्या शाळेतल्या तिघी चौघी मैत्रिणी दोन रात्रींसाठी डोंगरात जातायत आणि हिला ये म्हणतायत, रात्री शून्याच्या आसपास असेल म्हणे, तुझी ती बॅग देशील का. का जातेयस हे मी तिला विचारलं नाही. फक्त झिप कशी ओढायची ते व्हिडिओ कॉलवर दाखवलं, आणि झोपायच्या आधी २० उठाबशा काढ म्हणून सांगितलंय.